किसनकाकाच्या लेंगीतला काटा

ढाणकीजवळच्या तांड्यात तुरीचं पोतं काट्यावर चढलं की किसनसिंगचा आवाज फाटायचा. स्वतः किसनसिंग तेव्हा बाजेवर गप्प बसलेला असायचा. गात असायचा तो कॉम्प्युटर.

शेतकरी गटाच्या वजनकाट्याला कॉम्प्युटर जोडलेला. काट्याचं बोलणं त्याला कळावं म्हणून किसनसिंगची पुतणी रंजिता हिनं छोटा प्रोग्राम लिहून त्याच्या पार गाभ्यात, कर्नेलमध्ये, बसवला होता. त्याच कॉम्प्युटरवर काकानं आपली लेंगी, होळीचं बंजारा गाणं, भरून ठेवलेली. होळीला पहिली लेंगी त्यानं उचलायची की तांड्यातल्या दुसऱ्या गाणाऱ्यानं, धनसिंगनं, हे तांडा ती ऐकून ठरवणार होता.

पोतं चढलं. लेंगी कण्हली, बोबडी झाली आणि कॉम्प्युटर गारठला. दुसऱ्या पोत्यालाही तेच.

"किसन, तुया आवाजाचं वजन काट्याले झेपून नाही राह्यलं," धनसिंग शांतपणे म्हणाला.

कुणी काट्याला लिंबू बांधलं. कुणी पोतं अलगद, निजलेल्या लेकरासारखं ठेवून पाहिलं. शेवटी काकाची बायको धुरपताकाकू स्वतः काट्यावर बसली, तर लेंगीनं असा हंबरडा फोडला की ती दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. काकानं जाहीर केलं, काट्याचा गुन्हा सिद्ध होईपर्यंत आपण तोंड उघडणार नाही.

तिसऱ्या दिवशी रंजिताला चोर सापडला.

"काका, म्या कुठंच दशांश लिहला नाही. पण माह्यं लिहिणं मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर असते ना, त्यानं आकडे झटपट न्यायले प्रोसेसरमधली दशांशाची मोठी भांडी आपल्याच मनानं उचलली. त्याच भांड्यात तुमचं गाणं भरलेलं. कर्नेलमधून त्याले हात लावाचा नसते."

"म्हंजे पाणी न्यायले शेजारणीची ताकाची गुंडी सांडली," काकू म्हणाली. "तोंड नाही पाहणार मी त्या कंपायलरचं."

रंजितानं कंपायलरला एका ओळीत ती भांडी बंद केली.

काकानं सारा तांडा बोलावला. सात पोती स्वतः चढवली. वजन ग्रॅमपर्यंत बरोबर. कॉम्प्युटर ढिम्म हलला नाही. आणि लेंगी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजली, काकानं गायली तश्शीच. तिसऱ्या कडव्याला सूर चाकोरी सोडून बांधावर चढला, तो काही परत उतरला नाही.

पोरांनी तोंडावर हात धरून हसू दाबलं. धनसिंगनं पागोटं सारखं केलं.

काका पुतणीच्या कानाशी वाकला.

"बेटा, ते गुंडी परत सांडता येते का?"