खिशातले हात

जैन मंदिराच्या दारावर पाटी होती: चामड्याच्या वस्तू आत आणू नयेत. मंदिर जुनं, नियम त्याहून जुना, आणि काष्टी गावच्या गोरक्षनाथांची पँट केवळ पट्ट्याच्या भरवशावर उभी. बायको गेल्यापासून ते स्वतःच्या हातचं जेवत होते. त्या स्वयंपाकानं माणूस इतका झडला होता, की पँटीत आणखी एक गोरक्षनाथ सहज मावला असता आणि दोघांना मांडी घालून बसता आलं असतं.

पण आज नाही म्हणायची सोय नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत जुनी देवळं बघायचा बेत शेवगावच्या मनकर्णाबाईंचा. त्यांच्या मुलाशी गोरक्षनाथांच्या लेकीचं, संस्कृतीचं, जमत आलं होतं, सुपारी तेवढी फुटायची होती. मुलीचा बाप कसा आहे ते देवापुढंच कळतं, असं बाईंचं मत, आणि त्या घरात दुसऱ्या कुणाला मत नव्हतं. त्यांचे यजमान उत्तमराव गाडी चालवायचे आणि बाई सांगतील तिथं उतरून डोकं टेकवायचे.

गोरक्षनाथांनी पट्टा काढून चपलांवर ठेवला, हात खिशात घातले आणि आतून पँट गच्च धरून मूर्तीसमोर उभे राहिले. खरं तर हा माणूस रस्त्याकडेच्या शेंदरी दगडालाही गाडीवरून उतरून नमस्कार करणारा. बायकोच्या माघारी घरात बोलायला एक देव्हाराच उरला होता. महाराज, नमस्कार मनातून घ्या, असं ते पुटपुटले. मनकर्णाबाई मिटल्या डोळ्यांच्या फटीतून बघत होत्या.

बाहेर आले तर चपला होत्या, पट्टा नव्हता. एक लूत भरलेलं कुत्रं तो तोंडात धरून, पाटलाच्या ऐटीत उसाकडे निघालं होतं. मागं धावायचं तर हात सोडावे लागणार, आणि हात सोडले तर व्याह्यांसमोर सगळंच सुटणार. गोरक्षनाथांनी कुत्र्याला उसात जाऊ दिलं.

पुढच्या महादेवाला पुजाऱ्यानं तीर्थ पुढं केलं. गोरक्षनाथांनी नुसता आ केला. पुजाऱ्यानं थेट घशात ओतलं आणि गाभारा ठसक्यानं दणाणला. त्यापुढच्या देवीला आरतीचं ताट आलं, तेव्हा त्यांनी तोंडच ज्योतीवर नेलं. देवळातून बाहेर पडताना डावी मिशी उजवीपेक्षा आखूड होती आणि वास गाडीपर्यंत सोबतीला आला.

गाडीत मनकर्णाबाई नवऱ्याला म्हणाल्या, पण मागच्या सीटला ऐकू जाईल अशा बेतानं, "पोरगी गुनाची हाय. पन बाप देवाम्होरं खिशात हात घालून हुबा, जनू बागंत फिराया आलाय. असल्या घरची पोर आपल्या देवापुढं दिवा लावंल व्हय?"

बापाशेजारी बसलेली संस्कृती खिडकीबाहेर बघत राहिली. ती डोळे पुसते आहे हे गोरक्षनाथांना दिसलं. पेडगावला लक्ष्मीनारायणाच्या देवळाशी उतरल्यावर त्यांनी ठरवलं, लाज गेली तरी चालेल, खरं सांगून टाकायचं. तेवढ्यात उत्तमरावांनीच त्यांना देवळामागं ओढलं.

"पाव्हनं, तुमी लई धाडसी."

"नाही हो, माझं असं झालं..."

"ऐका. लग्न झाल्यापास्नं ही मला दिसंल त्या पायरीवर वाकवतीय. गुडघं गेलं माझं. आन् तुमी तिच्या डोळ्यांदेखत हात बाहेर काढला न्हाई. मला वाटलं, एकदा आपुन बी ताठ व्हावं. आत्ताच सांगून आलो तिला, सुपारी उद्या फुटनार. गप झाली." उत्तमरावांनी आवाज खाली आणला. "फकस्त माझ्यासमोर कदी हात जोडू नका. तुमी वाकला, की मी संपलो."

बापानं पट्ट्याचं सांगितल्यावर संस्कृतीनं नारळवाल्याकडून सुतळी आणली आणि पोतं बांधावं तशी बापाची पँट बांधली.

"पप्पा, सकाळीच सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर तुझं जमलं नसतं."

तिला काही उमगलं नाही. आत संध्याकाळची आरती सुरू झाली. लेकीचं जमलं होतं, आता घर रिकामं होणार होतं, आणि हे सांगायला देवाशिवाय कुणी नव्हतं. गोरक्षनाथांचे हात आपोआप छातीपर्यंत आले. शेजारी उत्तमराव आयुष्यात पहिल्यांदा ताठ उभे होते आणि पलीकडून मनकर्णाबाई दोघांवर नजर ठेवून होत्या.

गोरक्षनाथांनी हात खाली घेतले आणि पुन्हा खिशात घातले. खिशात आता धरायला काहीच नव्हतं.