सेफ्टीपिन आणि सुमतीबाईंची मुलाखत

सीमाभागातल्या संतपूरच्या हायस्कुलात एकतीस वर्षं विज्ञान शिकवून रिटायर झालेल्या श्रीनिवासरावांनी त्या मंगळवारी ठरवलं, की राऊटर एकदा बंद करून चालू करावा. बस्स, एवढंच. (माणसाचं वाटोळं व्हायला याहून मोठा निर्णय लागत नाही.)

अकराला त्यांच्या बायकोची, सुमतीबाईंची, ऑनलाइन मुलाखत होती. परदेशातल्या पोरांना घरबसल्या मराठी शिकवायचं काम. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांनी शाळेची नोकरी सोडली, त्याला बारा वर्षं झाली होती. आता बावन्नाव्या वर्षी कुणीतरी 'या, बोलू' म्हटलं होतं. साडेनऊलाच इस्त्रीची साडी नेसून त्या लॅपटॉपसमोर बसल्या, आणि राऊटरवर लाल दिवा लागला.

तसा तो राऊटर वाऱ्याला रुसायचा, पावसाला रुसायचा, पाहुणे आले तर हमखास रुसायचा. पण आज बंद-चालू करूनही लाल दिवा हटेना. श्रीनिवासरावांनी त्याला कपाटावर चढवलं, खिडकीत बसवलं, वायर हलवली, शेवटी पाठीवर थोपटलं. शेजारी विचारून बघा, त्यांचंही गेलंय का, असं सुमतीबाई दोनदा म्हणाल्या. पण एकतीस वर्षं विद्युतधारा शिकवलेला माणूस शेजारी विचारत नसतो. त्यांनी चष्मा सावरला आणि राऊटरच्या मागं एक बारीक भोक शोधून काढलं. बाजूला लिहिलं होतं, 'रिसेट'.

"सेफ्टीपिन दे."

"कामून?"

"दे म्हणालो की."

सुमतीबाईंनी पदराची पिन काढून दिली. श्रीनिवासरावांनी ती भोकात खुपसून दहा आकडे मोजले. सगळे दिवे विझले, परत लागले. लाल तसाच.

घरात मोबाइलला धड रेंज नव्हती, म्हणून ते नेटच्या कंपनीला फोन लावायला गच्चीवर गेले. कंपनीच्या बाईनं कन्नड, हिंदी, इंग्रजी यांतली भाषा निवडायला सांगितली. श्रीनिवासरावांना तिन्ही येत होत्या, पण एकाही भाषेत त्यांचा नंबर लागला नाही. शेवटी गावातला लाइनमन शिवराज फोनवर सापडला. नाल्याच्या कामावर केबल तुटून सगळ्या संतपूरचंच नेट गेलंय, अर्ध्या तासात जोडतो, असं तो म्हणाला. मग जरा थांबला.

"सर, रिसेट तर केलाव न्हाई न्हवं?"

श्रीनिवासरावांनी हातातली सेफ्टीपिन खिशात टाकली.

"केलाव व्हय. मग सगळं सेटिंग पुसलं बघा त्यातलं. आता मी आल्याबिगर चालू व्हायचं न्हाई. अन् मी येतो उद्या."

पावणेअकराला गावात नेट आलं. घराघरांतून मोबाइल टिणटिणले. श्रीनिवासरावांच्या राऊटरवरचा लाल दिवाही विझला, हिरवा लागला. फक्त नेट नव्हतं. सुमतीबाईंनी एकदा घड्याळाकडं बघितलं आणि लॅपटॉप मिटला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं श्रीनिवासरावांना वाटलं.

समोर राजूबाईचं घर. गेल्या साली नातीच्या अभ्यासाला तिनं वायफायचा पासवर्ड मागितला होता, तेव्हा श्रीनिवासरावांनी पासवर्ड सोडून सायबर सुरक्षेवर अर्धा तास व्याख्यान दिलं होतं. मग तिनं स्वतःचं कनेक्शन घेतलं. आता तिच्या दारात ते चपला काढण्यातच वेळ घालवत राहिले. सुमतीबाईच पुढं झाल्या. राजूबाईनं सोयाबीनची पोती सरकवून खुर्ची मांडली आणि पासवर्ड सांगितला, "एक ते आठ, अक्का. सोपाच हाय." मग दाराकडं वळून म्हणाली, "सर, तुमी भाईरच बसा."

श्रीनिवासराव पाऊण तास ओट्यावर बसले. आतून सुमतीबाईंचा आवाज येत होता. स्वच्छ, खणखणीत, वर्गातला. बारा वर्षांत तो ऐकला नव्हता, हे त्यांना तिथं बसल्यावर कळलं. उन्हानं डोळ्यात पाणी आलं असावं.

आठवड्यानं निवड झाल्याचा मेल आला. सोबत एक फॉर्म होता. सुमतीबाईंना टायपिंगची सवय नव्हती, म्हणून श्रीनिवासराव मोठ्या उत्साहानं बसले. नाव, वय, शिक्षण झालं. पुढं प्रश्न होता : घरून शिकवताना येऊ शकणारा मुख्य अडथळा.

"वीज लिहू का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. पती लिहा."

श्रीनिवासरावांनी वर बघितलं. सुमतीबाई हसत नव्हत्या. श्रीनिवासरावांनी मुकाट्यानं एकेक अक्षर शोधून टाइप केलं.

मागून सुमतीबाई वाकून म्हणाल्या, "'ती' दीर्घ असती."