निघालो की काढलं?

सबनीस काका लिफ्टमध्ये सापडले, की तळमजला येईपर्यंत सुटका नसे. दार बंद झालं की ते छत्रीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून विचारत, "काय पुणेकर, तुमचं मत काय? आपण निघालो की आपल्याला काढलं?"

हा प्रश्न पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं, काकांची नोकरी गेली. मी सहानुभूतीने म्हणालो, "हल्ली कंपन्यांचा काही भरवसा नाही, काका."

"कंपनी कसली? देशाचं विचारतोय. सिंगापूर मलेशियातून निघालं, की मलेशियाने सिंगापूरला काढलं?"

ही गोष्ट एकोणीसशे पासष्टची. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. सिंगापूर दोनेक वर्षं मलेशियाच्या संघराज्यात होतं आणि मग वेगळं झालं, एवढंच मला माहीत होतं; तेही कंपनीने इथे सिंगापूरला पाठवल्यावर, बुकित बातोकच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर.

"वेगळं झालं ना?" मी म्हणालो.

"झालं? आपोआप? दूध नासतं तसं? अहो, तुम्ही पुण्याचे. क्रियापदाला कर्ता लागतो हे मी तुम्हाला सांगायचं?"

लिफ्ट उघडली. काका छत्री उचलून बाहेर पडले. "घाई नाही. विचार करून उद्या सांगा."

काका आमच्याच मजल्यावर, शेजारच्या दारात एकटे राहत. लग्न केलं नव्हतं. इथल्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. त्यांचे वडील रत्नागिरीकडून आगबोटीने येऊन मलायात एका रबराच्या मळ्यावर कंपाउंडर म्हणून लागले. काका आणि त्यांचे थोरले भाऊ अण्णा, दोघांचा जन्म जोहोर बारूचा. म्हणजे सिंगापूरच्या उत्तर टोकाला समुद्राची चिंचोळी पट्टी आहे, तिच्यावरचा पूल, म्हणजे कॉजवे, ओलांडला की लागतं ते गाव. आता ते मलेशियात. काकांनी भारत एकदाच पाहिला होता, आणि त्यांना तो फार गरम वाटला होता.

त्यांचं मराठी मात्र वडिलांबरोबर आगबोटीतून उतरलेलं, जसंच्या तसं. एमआरटीला, म्हणजे इथल्या मेट्रोला, ते आगगाडी म्हणत आणि फ्रीजला बर्फाचं कपाट. मध्येच मलाय शब्द घुसत. आम्ही राहायला आलो त्या दिवशी दारात येऊन त्यांनी विचारलं, "मकान झालं का?" मी सांगितलं, "झालं, पण भाड्याचं आहे." काका बुचकळ्यात पडले. मलायमध्ये मकान म्हणजे जेवण, हे मला दुसऱ्या दिवशी ऑफिसात कळलं. तोवर, हा माणूस जेवणही भाड्याने आणतो, असं त्यांनी खालच्या वाण्याला सांगून टाकलं होतं.

निघालो की काढलं, हा प्रश्न ते कोणालाही विचारत. टॅक्सीवाल्याला, न्हाव्याला, दात उपटणाऱ्या डॉक्टरला, तोंडात चिमटा असताना. टॅक्सीवाले चिनी आजोबा म्हणाले, "काढलं ते फार बरं केलं, नाहीतर मी अजून सायकल चालवत असतो." काका खूश. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खालच्या खाण्याच्या टपऱ्यांत, नारळाचा भात विकणाऱ्या मलाय बाई म्हणाल्या, "माझ्या लग्नात निम्मं वऱ्हाड पुलाच्या त्या बाजूचं होतं. कोणी काढलं ते ठाऊक नाही, पण आता बारशालासुद्धा पासपोर्ट लागतो." त्या दिवशी काका भात अर्धा टाकून उठले. आमची इरा शाळेत जायला लागल्यावर तिलाही त्यांनी गाठलं. ती शाळेत उचललेल्या इथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाली, "अंकल, बोथ साइड्स अ‍ॅग्री वन लाह. टीचर सेड."

"तुमची मुलगी मोठेपणी वकील होणार," काका मला म्हणाले. ही स्तुती नव्हती.

एवढी मतं कशासाठी गोळा होतात, ते रविवारी कळायचं. रविवारी सकाळी काका जोहोर बारूलाच राहिलेल्या अण्णांना फोन लावत. दारं उघडी असत आणि काकांचा आवाज भूगोलाच्या मास्तरांचा.

"अण्णा, तुम्ही आम्हाला काढलंत. टॅक्सीवालेसुद्धा तेच म्हणतात." मग थोडी शांतता. "आम्ही निघालो? आम्ही कशाला निघू? पाणी तुमच्याकडून यायचं, भाजी तुमच्याकडून यायची, आई तुमच्याकडे होती."

तिकडून अण्णा ओरडत असणार. काका रिसीव्हर कानापासून लांब धरून आमच्या दाराकडे बघून मान हलवत: ऐकलंत ना, कसं बोलतात? शेवटी नेहमी एकच वाक्य. "बरं, पथ्य सांभाळा. पुढच्या रविवारी बोलू."

मी एकदा विचारलं, "काका, जोहोर बारू बसने जवळ आहे. जात का नाही?"

"भावाच्या घरी जायला शिक्का घ्यायचा? 'किती दिवस राहणार, कशासाठी आलात' हे त्या खिडकीतल्या पोराला सांगायचं?" काका म्हणाले. "त्यांनी यावं. त्यांनी काढलं."

अण्णांचंही नेमकं हेच म्हणणं होतं, क्रियापद तेवढं उलट. लग्नाकार्यात तिसऱ्याच गावी भेट झाली तर व्हायची. बाकी नुसता फोन.

मग एका रविवारी काकांचा आवाज आला नाही. मी डोकावलो. फोन मांडीवर घेऊन ते बसले होते.

"सुलभाने उचलला," ते म्हणाले. सुलभा अण्णांची मुलगी. "अण्णा हल्ली विसरायला लागलेत म्हणाली. मग त्यांना दिला. मी म्हणालो, तुम्ही आम्हाला काढलंत. तर म्हणाले, 'कोणी? कुठून?' मला वाटलं, चेष्टा करतायत. पण नाही. म्हणाले, 'केशू, संध्याकाळच्या बसने ये ना, काय अडलंय?'"

काकांनी मांडीवरचा फोन उचलून जागेवर ठेवला.

"तुम्ही येता का बरोबर?" काकांनी विचारलं. "नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी एकट्याने हिंडू नका सांगितलंय." डॉक्टरांनी तसं सांगून बराच काळ लोटला होता आणि काका रोज एकटेच हिंडत होते. मी हो म्हणालो.

मला भारतीय पासपोर्टावर व्हिसा काढावा लागला, त्यात आठवडा गेला. शनिवारी निघालो. कॉजवेवर शनिवारी असते तशी गर्दी. अलीकडे उतरा, शिक्का घ्या, पुन्हा बसमध्ये चढा, पलीकडे उतरा, पुन्हा शिक्का. खिडकीतल्या पोराने विचारलं, "कशासाठी आलात?" काका एवढंच म्हणाले, "भाऊ."

अण्णा व्हरांड्यात बसले होते. काकांसारखेच, फक्त वाळलेले. काकांना बघून त्यांना नवल वाटलं नाही. "आलास? फार दिवस लावलेस रे. अर्ध्या तासाचा रस्ता."

काकांनी तोंड उघडलं. टॅक्सीवाले, न्हावी, दातांचे डॉक्टर, सगळ्यांची मतं ओठांवर असणार, असं मला वाटलं.

"शाळा होती, अण्णा," काका म्हणाले. "पेपर तपासायचे होते."

"पुलावर गर्दी होती?"

"छे. सरळ आलो. कोणी विचारलंसुद्धा नाही."

जेवणं झाली. अण्णा रबराच्या मळ्याबद्दल, आईच्या हातच्या घावनांबद्दल बोलत राहिले. काका सगळ्याला हो म्हणत होते. मग अण्णा एकदम उठले आणि चपला शोधायला लागले. "चल, मी पण येतो तुझ्याकडे. चहा घेऊ आणि दिवेलागणीला परत येईन."

सुलभा मला हळूच म्हणाली, "त्यांचा पासपोर्ट कधीच संपलाय. आणि नाही म्हटलं की दिवसभर दाराशी उभे राहतात." अण्णांची एक चप्पल पायात होती, दुसरी हातात.

काकांनी ती हातातून घेतली, खाली बसून त्यांच्या पायात घातली आणि म्हणाले, "चला."

सुलभाने टॅक्सी बोलावली. काका चालकाशी मलायमध्ये हळू आवाजात काहीतरी बोलले. तो मागे वळून अण्णांकडे बघत राहिला, मग त्याने मान डोलावून गाडी समुद्राच्या रस्त्याला घेतली. पाण्यापलीकडे सिंगापूरच्या इमारती दिसत होत्या. अण्णा काच खाली करून वारा खात होते. गाडी बरंच फिरून, भलत्याच बाजूने त्यांच्याच वस्तीत शिरली आणि घरामागच्या गल्लीतल्या चहाच्या दुकानापुढे थांबली. "सिंगापुरा," चालक गंभीरपणे म्हणाला आणि त्याने उतरून अण्णांसाठी दार उघडलं.

आम्ही चहा मागवला. अण्णांनी आजूबाजूला पाहिलं, शेजारच्या टेबलावरची माणसं पाहिली, बशीत चहा ओतून घोट घेतला.

"केशू, तुझ्याकडचा चहा अगदी आमच्यासारखाच आहे रे."

"मग? वेगळा कशाला असेल?" काका म्हणाले. अण्णांच्या हनुवटीवर ओघळलेला चहा त्यांनी आपल्या रुमालाने टिपला.

उन्हं उतरली तसे अण्णा अस्वस्थ झाले. "मला आता पलीकडे पोचव. सुलभा वाट बघत असेल."

काकांनी त्यांचा हात धरला. दोघे गल्लीतून सावकाश निघाले. मी मागे. कोपऱ्यावर वळलं की घराचं फाटक. तिथे पोचल्यावर अण्णा थांबले.

"तू इतक्या लांब मला सोडायला आलास. आता अंधारात एकटा परत जाणार?"

"नाही," काका म्हणाले. "आज राहतो."

अण्णांनी फाटक ढकललं आणि आत हाक मारली, "सुलभा, केशू आलाय सिंगापूरहून. त्याचं अंथरूण माझ्या खोलीत घाल."