जनीआजीचा कॉफी केक

कमळाकर आजोबांनी केकचा एक घास तोंडात घातला, बराच वेळ घोळवला आणि बशी टेबलावर ठेवत ते म्हणाले, "चांगला हाय."

रियाचं तोंड उतरलं. आजोबांच्या 'चांगला हाय'चा अर्थ त्या घरात सगळ्यांना पाठ होता. ते लग्नाच्या पंगतीलाही 'चांगला हाय' म्हणत आणि दवाखान्यातल्या खिचडीलाही. जे खरोखर आवडे, त्याबद्दल ते अवाक्षर काढत नसत. नुसती बशी पुढे करत. जनीआजी केक करायची तेव्हा ती बशी पुन्हा पुन्हा पुढे यायची, आणि सगळं संपल्यावर आजोबा केकचा डबा मांडीवर घेऊन चमच्याने कडा खरवडत बसायचे. त्या खरवडण्याच्या आवाजावरून शेजारच्या घरांनाही कळायचं, की आज केक झाला.

आजीला जाऊन तीन वर्षं झाली होती. तो आवाजही तिच्याबरोबर गेला होता. म्हणून रियाने त्यांना शब्द दिला होता, "आजोबा, ऐंशीव्या वाढदिवसाला तुम्ही आजीचाच केक खाल." आजोबा म्हणाले होते, "बघू." पण त्यानंतर ते कॅलेंडरकडे जरा जास्त वेळा पाहू लागले होते, आणि ते रियाच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

रिया रसायनशास्त्राची पदवीधर. खारघरला पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत कामाला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं, ही तिची पद्धत. त्यामुळे मैदा, अंडी, तूप, सोडा यांचं गणित तिने लवकरच जुळवलं. अडचण वेगळीच होती. आजीने कृती कुणाला सांगितली नव्हती, आणि खरं सांगायचं तर कुणी विचारलीही नव्हती. आजी कायमची आहे, अशाच हिशेबात सगळे खात बसले होते.

मागे उरलं होतं ते केकचं नाव. आजी त्याला 'कॉपी केक' म्हणायची. तिच्या तोंडी ऑफिसचं आपिस व्हायचं, तसं कॉफीचं कॉपी. शाळेत जाणाऱ्या मुलांनी ते सुधारून 'कॉफी केक' करून घेतलं. शिवाय केक दिसायचा तपकिरी, आणि गोडाच्या मागून जिभेवर किंचित कडसर चव रेंगाळायची. नाव, रंग आणि चव, तिन्ही पुरावे जुळत होते. रियाने चौथा मागितला नाही.

मग कॉफीचे प्रयोग सुरू झाले. आधी साधी डब्यातली पावडर. आजोबा म्हणाले, "चांगला हाय." मग दुप्पट पावडर. "चांगला हाय." मग वरच्या मजल्यावरच्या अय्यरबाईंकडून आणलेलं दाट डिकॉक्शन. त्या खेपेला आजोबा 'चांगला हाय' म्हणाले खरे, पण रात्रभर टक्क जागे राहिले आणि पहाटेच त्यांनी उरण तालुक्यातल्या यच्चयावत नातेवाइकांना फोन करून ख्यालीखुशाली विचारली. दोन घरांत तर रडारड सुरू झाली. एवढ्या पहाटे फोन म्हणजे कुणीतरी गेलंच असणार.

"रिया, हा केक आहे की अलार्म?" तिचे वडील शैलेश डोळे चोळत म्हणाले.

रियाने उरणच्या मनिषा आत्याला फोन लावला. "आत्या, आजी कॉफी नेमकी कधी घालायची? मैद्यात की अंड्यात?"

"मला काय विचारतेस बाय? मला चुलीपाशी फक्त फुंकायला बसवायची. डोळ्यांत धूर, मी काय बघणार?" आत्या म्हणाली. "पण ती आणखी काहीतरी घालायची. अगदी ओठांवर आहे बघ. आठवलं की फोन करते."

आत्याला आठवलं ते थेट वाढदिवसाच्या दिवशी, दुपारी.

केकचं मिश्रण तयार होऊन ओट्यावर बसलं होतं. रियाने चमचाभर चाखून पाहिलं, तिला कॉफी कमी वाटली, आणि ती डिकॉक्शनचं भांडं घेऊन वर अय्यरबाईंकडे गेली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तो घेतला शैलेशने. बँकेत शाखाधिकारी असलेल्या या गृहस्थाने स्वयंपाकघरात आजवर पाण्याच्या ग्लासापलीकडे कशाला हात लावला नव्हता.

"दादा, रियाला सांग, आठवलं," पलीकडून आत्या ओरडत होती. तिच्या मागे बसच्या इंजिनाची घरघर होती. "मीठ. आई केकला मीठ घालायची."

"चिमूटभर?"

"चिमूट कसली? दोन बोटं. चांगला दोन बोटं जाड थर, आणि तो..."

फोन कटला. शैलेशने परत लावला, लागला नाही. त्याने मिश्रणाकडे पाहिलं. दोन बोटं त्याच्या कडेला धरून अंदाज घेतला. मीठ जरा जास्त होतंय, असं त्यालाही वाटलं. पण बाप मिठागरात राबलेला, आई त्याच मिठागरावरची. त्यांच्या घरात मीठ जास्त वापरत असतीलही. शिवाय आई करायची म्हणजे ते बरोबरच असणार. तरी बँकेतल्या सवयीने त्याने मंजूर रकमेच्या निम्मीच उचल दिली: एक वाटी. नीट ढवळलं, वरून सपाट केलं, आणि कुणाला काही बोलला नाही. आजोबांनी बशी पुढे केली की मगच सांगायचं, असं त्याने ठरवलं होतं.

रिया आली, डिकॉक्शन ओतलं, केक ओव्हनमध्ये गेला. बाहेर आला तो असा देखणा, की तिने त्याचा फोटो काढला.

संध्याकाळी पाहुणे जमले. मनिषा आत्या आली. द्रोणागिरीहून काशीराम काका आपल्या आईला, गुणाबाईंना, गाडीतून घेऊन आले. गुणाबाई म्हणजे जनीआजीची थोरली जाऊ. गावात दोघींची घरं समोरासमोर, मधे एक अंगण. पण जनीचा केक गुणाबाई कधीच खात नसत. "मना गोड चालत नाय," असं म्हणत आणि पुरणपोळ्या मात्र मोजायच्या पलीकडे खात.

"वैनी, आज तरी खावा," आजोबा म्हणाले. "माजे ऐंशी झाले. आता कवा खाल?"

एवढं म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? पहिला तुकडा मानाने गुणाबाईंना गेला, दुसरा आजोबांना, आणि मग सगळ्यांनी एकदमच घास घेतला.

काशीराम काका उठून गॅलरीत गेले. आत्याने रुमाल तोंडाला लावला. आजोबांच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं, तरी त्यांनी घास गिळला आणि सवयीने म्हणाले, "चांगला हाय."

गुणाबाईंनी बशी खाली ठेवली. "भावजी, मिठागर सरकारनं घेतला बोलला व्हता ना? हितं तं आक्खा ठेवलाय."

रियाने चाखलं आणि सरळ वडिलांकडे पाहिलं. "पप्पा?"

"मनिषाच म्हणाली, दोन बोटं मीठ," शैलेश म्हणाला. "मी तर निम्मंच घातलं."

"अरे, केकात नाही रे," आत्याने कपाळाला हात लावला. "पातेल्याच्या तळाला. चुलीवर पातेलं, त्यात जाड्या मिठाचा थर, आणि तो तापला की त्यावर केकचा डबा. वर झाकणावर निखारे. आपल्याकडे ओव्हन होता का?"

"मग तळाला असं म्हणायचं ना."

"म्हटलं. बोगद्यात म्हटलं."

सगळे हसले. रियाला हसू आलं नाही. आजोबांचा ऐंशीवा वाढदिवस पुन्हा येणार नव्हता, आणि त्यांची बशी पुन्हा टेबलावर ठेवलेली होती. ती हळूच म्हणाली, "मिठाचं जाऊ दे. कॉफी तरी बरोबर पडली होती."

"कसली कॉफी?" गुणाबाईंनी विचारलं.

"आजीच्या केकातली. कॉफी केक ना तो."

"तो कॉफी केक कवा झाला?"

"आजी म्हणायची की. कॉपी केक. तिला फ म्हणता येत नव्हता ना."

गुणाबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "जनी फणसाला कंदी पणस बोलली काय गो?"

रियाने आठवून पाहिलं. आजी फणसच म्हणायची. फोडणी, फुलं, फुकणी, सगळं फ लावून म्हणायची; आपिस तर सगळं गावच म्हणायचं. हा पुरावा तिच्या कानांसमोर वीस वर्षं पडून होता.

"कॉपी म्हंजे कॉपी," गुणाबाई म्हणाल्या. "माजे केकाची केलेली. माजा भाव पनवेलला बेकरीत भट्टीवर व्हता, त्यानं मना शिकवला. जनीनं इचारलं, मी नाय सांगितला. मंग ती अंगणात माजे खिडकीशी उभी रावून बघायची. मी साखर पातेल्यात घातली की धावत घरी जायची, आपली साखर चुलीवर ठेवायची, नि परत खिडकीत. मी साखरंत पानी घातलं ते तिनं बघितलंच नाय. तिची साखर सुकीच जलत बसली. मनाच वास आला. मी आतूनच ओरडले, गो जने, तुजे चुलीवर काय जलतंय? तं खिडकीतना आवाज आला, अग बाई."

आजोबा पुढे सरकून ऐकत होते. हे त्यांनाही नवीन होतं. ते दिवसभर मिठागरात असायचे आणि घरी यायचे ते खायला.

"मग ती साखर टाकून दिली?" रियाने विचारलं.

"टाकते कशी? रेशनची साखर. त्यातच पानी ओतलं, नि तीच काली साखर केकात घातली. वर मनाच खायला आनून दिला. मी बोलले, ही माजे केकाची कॉपी हाय. त्या साली माजा काशीराम दहावीला कॉपी करताना गावला व्हता, म्हून तो शबूद सगळ्यांचे तोंडी."

गॅलरीतून काशीराम काका खाकरले.

"तं ती काय बोलली असंल? बोलली, वैनी, तुमचे पोराला कॉपी करून पास नाय होता आलं, मी तं झाले. तवापासना ती मुद्दाम त्याला कॉपी केक बोलायची, मना ऐकू जाईल असं. नि तवापासना मी तो खाल्ला नाय."

रिया उठून स्वयंपाकघरात गेली होती. सगळं तिच्या डोळ्यांसमोर लख्ख उभं राहिलं होतं: रंग साखरेचा, कडसरपणा साखरेचा, कॉफीचा कशाशीच संबंध नव्हता. तिने पातेलं काढलं, मासे खारवायची जाड्या मिठाची बरणी त्यात रिकामी केली, कढईत साखर घेतली आणि बाहेर येऊन विचारलं, "गुणाआजी, साखर किती वेळ ठेवायची?"

"मना काय ठावं? चूल तिची, खिडकी माजी."

"अंगण केवढं होतं?"

"हितना त्या लिफ्टपरतं असंल," आजोबा म्हणाले.

रियाने गॅस पेटवला आणि दार उघडून लिफ्टपर्यंत चालत गेली. तिथे भिंतीशी उभी राहिली.

"बस झालं का?" तिने तिथूनच विचारलं.

"चोरून बघायचं म्हंजे घाई करून भागत नाय," गुणाबाई आतून म्हणाल्या. "जरा मान वाकडी कर. हां."

लिफ्टमधून उतरलेले एक गृहस्थ भिंतीशी मान वाकडी करून उभ्या असलेल्या रियाकडे पाहून, आपण चुकीच्या मजल्यावर आलो असं समजून परत आत शिरले. तेवढ्यात वास आला. रिया धावली. कढईत साखर काळपट लाल होऊन फसफसत होती. तिने पाणी ओतलं, वाफेचा लोट उठला, आणि बाहेर आजोबा खुर्चीतून अर्धवट उठले. मग कुणाला दिसलं नसेल अशा बेताने परत बसले.

ती काळी साखर नव्या मिश्रणात गेली, आणि तो केक मिठावर भाजून होईपर्यंत कुणी घरी जायचं नाव काढलं नाही. डबा बाहेर आल्यावर पहिला तुकडा या खेपेला आजोबांना गेला. त्यांनी घास घेतला. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. ते काही बोलले नाहीत. घास संपला, बशी पुढे आली. रियाने वाढलं. बशी पुन्हा पुढे आली. मग त्यांनी डबाच ओढून मांडीवर घेतला आणि चमचा मागितला. आत्याने पदर डोळ्यांना लावला. शैलेश उगीचच पंख्याकडे पाहत राहिला.

"वैनी?" आजोबा खरवडता खरवडता म्हणाले.

"मना गोड चालत नाय," गुणाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी अर्धा तुकडा उचलला. खाल्ला. मग उरलेला अर्धाही उचलला.

काशीराम काकांच्या वाट्याला काहीच उरलं नव्हतं, म्हणून रिया आत जाऊन दुसऱ्या केकची साखर कढईत घालू लागली. लिफ्टकडे निघायला वळली तर दारात गुणाबाई.

"पानी प्याला आले," त्या म्हणाल्या.

रियाने ग्लास भरून दिला. गुणाबाईंनी तो हातात धरला, पण ओठांना लावला नाही. चौकटीला टेकून, मान जराशी वाकडी करून त्या रियाच्या खांद्यावरून कढई दिसते का ते बघत होत्या.

रियाने लिफ्टकडे जायचा बेत रद्द केला. काही पाहिलंच नाही असं दाखवून ती ओट्याकडे वळली, आणि गॅससमोरून थोडी बाजूला सरकून उभी राहिली.