एक जिवंत झुरळ पाहिजे

घरातली झुरळं घालवायचं काम मी अंगावर घेतलं, तेव्हा मला जराही धाकधूक वाटत नव्हती. असली कामं हा माझा रोजचा धंदा आहे. मी पाणीपुरवठा कंपनीच्या तक्रार विभागात नोकरी करतो, आणि आजवर एकही तक्रार माझ्या टेबलावर संध्याकाळपर्यंत टिकलेली नाही! आमचं सूत्र सोपं आहे. तक्रार सोडवायच्या नादी लागायचं नाही, ती पुढच्या विभागाकडे ढकलायची. पुढचा विभाग ती त्याच्या पुढे ढकलतो. फिरून ती आपल्याकडे येईपर्यंत तक्रार करणारा माणूस एक तर घर बदलतो, नाहीतर देवाघरी जातो.

निकड होती ती बायकोची. ती घरी केक करते. चौकातल्या मोठ्या हॉटेलने तिचे केक रोज घ्यायचं कबूल केलं होतं, पण अन्न खात्याचा परवाना हवा, अशी अट घातली होती. त्यासाठी खात्याचे साहेब गुरुवारी आमचं स्वयंपाकघर बघायला येणार होते. आणि आमच्या स्वयंपाकघरात झुरळं अशी नांदत होती, की घर त्यांचं आणि आम्हीच भाडेकरू.

"अहो, मी ताईकडे राहून नमुन्याचे केक करते," बायको म्हणाली. "तोवर एवढं बघाल ना? जमत नसेल तर आत्ताच सांगा, मी माणूस बोलावते."

"माणूस कशाला? मी आहे ना."

आई कोपऱ्यात भाजी निवडत होती. वर न बघताच ती म्हणाली, "बोलाव गं माणूस."

मी त्याकडे साफ दुर्लक्ष केलं. फवाऱ्याचा डबा आणला आणि सिंकखाली दणक्यात मारला. झुरळं मरावीत अशी माझी अपेक्षा नव्हतीच, ती जावीत एवढंच. आणि ती गेली! पाइपाच्या कडेला भिंतीत एक फट आहे, तिच्यातून लेकुरवाळी मंडळी आधी, थोराड मागून, अशी सगळी शिस्तीत निघून गेली. मी हात धुतले. इतकी सोपी तक्रार मी ऑफिसातसुद्धा पाहिली नव्हती.

ती फट पलीकडे शेजारच्या बाईंच्या स्वयंपाकघरात उघडते. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. सगळी बिल्डिंग त्यांना बाईच म्हणते, आणि त्या समोरून आल्या की मोठी माणसंसुद्धा खिशातले हात बाहेर काढतात. थोड्याच वेळात त्या आमच्या दारात उभ्या.

"तुमची झुरळं माझ्याकडे आलीत."

"आमचीच कशावरून?"

"माझी मी ओळखते."

सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे. संबंधित विभागाकडे पाठवतो."

गृहपाठ न केलेल्या पोराकडे बघावं तसं बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग घरी जाऊन त्यांनी आपल्या बाजूने फवारा मारला. झुरळं परत आली, आणि येताना बाईंकडची पाहुणे मंडळीही घेऊन आली. मी पुन्हा मारला. त्यांनी पुन्हा मारला. या घरातून त्या घरात नुसती येरझार! शेवटी शेवटी तर मी डबा हातात घेतला, की झुरळं आपणहून उठून चालू लागत. त्यांची तब्येतही सुधारल्यासारखी दिसत होती.

बुधवारी दुपारी मी स्वयंपाकघरात फतकल मारून बसलो. खरं सांगतो, रडायचाच बाकी होतो. बायको आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं असं काही उभं करत होती, आणि ते माझ्या भरवशावर टाकून गेली होती. समोर एक झुरळ तिच्या केकच्या साच्यात बसून मिशा साफ करत होतं.

तसाच उठलो आणि कीटकनाशकांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने एक काळी बाटली काढून दिली. "बादलीभर पाण्यात एक झाकण. आणि ओट्याला लावू नका." मी मान डोलावली. घरी आल्यावर मात्र वाटलं, एक झाकण हे साध्यासुध्या झुरळांसाठी असणार. आमची झुरळं दोन घरचं खाऊन पोसलेली! मी अख्खी बाटली ओतली. भिंतीला, कपाटाला, खणांना आणि ओट्याला तर दोन हात दिले. पाण्याच्या भानगडीत पडलोच नाही.

आई नाकाला पदर लावून बाईंकडे बसायला गेली. संध्याकाळपर्यंत घरात माझ्याशिवाय जिवंत कुणी उरलं नव्हतं. सुपडी भरभरून झुरळं मी बाहेर टाकली.

सकाळी बायको केक घेऊन आली. तिने सगळीकडे वाकून बघितलं, खण उघडले, ओटा साबणाने घासला. "अहो, एकही नाही," ती म्हणाली, आणि तिने माझ्याकडे अशा काही कौतुकाने बघितलं की मला भरून आलं. औषधाचं मी काही बोललो नाही. अशा वेळी तपशिलात कोण शिरतं?

साहेब आले. किडकिडीत माणूस, पण नाक भक्कम. त्यांनी ओव्हन बघितला, मैद्याचे डबे बघितले, बायकोच्या टोपीचं कौतुक केलं. मग ओट्यापाशी उभं राहून त्यांनी दीर्घ श्वास घेतला.

"झुरळं आहेत?"

"छे," बायकोच्या आधी मीच बोललो. "आमच्याकडे झुरळ कधी नव्हतंच."

"या बिल्डिंगमध्ये? मला जिन्यात भेटली की. तुमच्या दारापर्यंत आली आणि मागे फिरली." साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "ओट्यावर औषध मारलंय का?"

"नाही हो."

"हे बघा, झुरळं काय, सगळ्यांकडे असतात. दिसली तर मी सुधारणा करा म्हणतो आणि महिन्याने परत येतो. पण केक करायच्या जागी विष असेल, तर अर्ज तिथेच संपला."

बायकोने माझ्याकडे बघितलं. सकाळचं कौतुक पार मावळलं होतं.

"साहेब, आहेत आमच्याकडे झुरळं," मी घाईघाईने म्हणालो. "भरपूर आहेत. लाजेपोटी नाही म्हटलं. जरा थांबा, जिवंत दाखवतो. मग तर पटेल ना, की औषध नाही?"

"दाखवा," साहेब म्हणाले.

मी सिंकखाली शिरलो. कपाटावर थापा मारल्या. ज्यांना घालवायला जिवाचं रान केलं, त्यांच्यातल्या एकाने तरी तोंड दाखवावं म्हणून फ्रीजच्या मागे डोकं घालून आर्जवं केली. एक नाही!

"परवा चहात पडलं होतं, साहेब," आई मदतीला धावली. "चांगलं पोहत होतं."

मी शेजारी पळालो.

"बाई, एक झुरळ आहे का?"

"काय?"

"एकच. पण जिवंत पाहिजे. हिच्या परवान्याचा प्रश्न आहे हो."

बाईंनी चष्मा सारखा केला. "तुमची मागणी नोंदवून घेऊ का?"

मी हात जोडले. माझ्यासाठी नसेल, पण बायकोचं नाव ऐकून त्या विरघळल्या. फडताळामागून त्यांनी एक धष्टपुष्ट झुरळ डब्यात धरलं आणि झाकण लावून माझ्या हाती दिलं. "चलाख आहे," त्या म्हणाल्या. "नीट सांभाळा."

डबा पाठीमागे लपवून मी आत आलो आणि कोपऱ्यात वाकल्यासारखं करून झुरळ ओट्यावर सोडलं. "हे घ्या साहेब. इथेच होतं."

झुरळ चालू लागलं. बायकोने आईचा हात घट्ट धरला. वजनकाट्याला वळसा घालून ते ओव्हनच्या दिशेने निघालं. साहेबांचा चेहरा सैल झाला. "तरतरीत आहे," ते म्हणाले. मी मनात म्हणालो, चल बाबा, एवढा ओटा ओलांड, जन्मभर तुला साखर घालीन.

मध्यावर आल्यावर ते थांबलं. मिशा एकदा इकडे हलल्या, एकदा तिकडे. मग एका अंगावर कललं, आणि सावकाश उताणं झालं. पाय थोडा वेळ हलत राहिले, तेही थांबले.

साहेबांनी नमुना घ्यायला काढलेली बाटली परत बॅगेत ठेवली. "ओट्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवणार होतो," ते म्हणाले. "आता गरज नाही."

ते गेल्यावर बायको बराच वेळ नमुन्याच्या केककडे बघत बसली. एवढा सुंदर केक, पण कापायचं कुणाच्याच मनात आलं नाही. शेवटी मीच घसा खाकरला.

"पुन्हा अर्ज करता येतो म्हणे. या वेळी मी आधीपासूनच..."

"करणार आहे मी अर्ज," ती म्हणाली. "साहेब येतील तेव्हा झुरळं घरात राहिली तरी चालतील. तुम्ही तेवढे आठवडाभर बाहेर राहा."