भिवाच्या कमरेतलं पिस्तूल

भिवा माणसाचं तोंड बघत नाही. कंबर बघतो. समोरून कोणी आलं की याची नजर खाली, खुब्यावर. बाईमाणूस असलं की पंचाईत. कशेळ्याच्या बाजारात एका मासळीवालीनं यापायी त्याच्या पाठीत टोपली हाणली होती. हा पाठ चोळत मला म्हणतो, "रामा, बाई तापट हाय, पण खुबा झकास. मरंपर्यंत कुरकुरायचा नाय."

त्याचं घर माझ्या घराला लागून. मधे एक कुडाची भिंत. इकडं मी खोकलो की तिकडून तो विचारतो, "काय रं?" आम्ही दोघांनी भाताच्या गिरणीत जन्मभर पोती उचलली. मी चौथीपर्यंत शिकलो, तो शाळेच्या दारातूनच परत आला. लग्न त्यानं केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, "मला एका जागी बसवत नाय. बायको काय चालता चालता संसार करंल?"

ते मात्र खरं. भिवा बसत नाही. जेवतो तोसुद्धा ताट हातात घेऊन, अंगणात फेऱ्या मारत. विहारात बुद्धवंदनेला सगळे मांडी घालून बसले की हा मागं दाराशी उभा, या पायावरून त्या पायावर. बघणाऱ्यालाच कंटाळा येतो. माझी बायको, सोना, त्याला म्हणायची, "भावोजी, एक घास तरी बसून खावा. कोंबडीपण बसते." ती त्याला ताट द्यायची ते चालत्या माणसाच्या हातात. कधी सांडलं नाही.

खुब्याचं वेड मात्र त्याला नंतर लागलं. मुंबईचा एक तरुण डॉक्टर कर्जतच्या दवाखान्यात आला होता. त्यानं गावोगाव निरोप धाडला की, उकिडवी बसणारी, ओझी उचलणारी माणसं पाहिजेत, पण खुब्यात कधी दुखलेलं नसावं. अशा माणसांचे फुकट फोटो काढणार. हाडांचे.

आता आमच्या माणसांना डॉक्टरकडं रिकाम्या हातानं जायची सवय नाही. गेलं की काहीतरी दुखणं सांगायचं, नाहीतर डॉक्टरला वाईट वाटेल. गाडी भरून माणसं गेली. डॉक्टरनं विचारलं, "खुबा दुखतो का?" पहिला म्हणाला, "दुखतो की." दुसरा म्हणाला, "लय दुखतो." मी म्हणालो, "थंडीत दुखतो." दुखत माझं काहीच नव्हतं. डॉक्टरनं आम्हां सगळ्यांना परत धाडलं. दुखतंय म्हणून हाकलणारा डॉक्टर मी तो एकच पाहिला.

आत गेली ती दोनच माणसं. भिवा, कारण त्याला खोटं बोलायलासुद्धा थांबवत नाही. आणि सोना, कारण ती कोणालाही कधीही 'काय नाय' एवढंच सांगायची. बाळंतपणातसुद्धा 'काय नाय' म्हणाली होती.

फोटो काढून दोघं बाहेर आली. मागून डॉक्टर चिडलेला. "बाई, अंगावरचं सगळं लोखंड काढा म्हटलं होतं. कमरेला किल्ली ठेवली तुम्ही. फोटोत आली."

सोना म्हणाली, "घरातल्या पेटीची किल्ली हाय. ती कुनाच्या हातात द्यायची नसते."

मग डॉक्टरनं फोटो उजेडाला धरून आम्हाला समजावलं. मांडीच्या हाडाचा गोळा गोल पाहिजे. या दोघांचा नव्हता, मानेजवळ फुगलेला होता. "पिस्तुलाच्या मुठीसारखा दिसतो बघा. जन्मापासून असेल नाहीतर वाढत्या वयात झाला असेल. बऱ्याच जणांचा असतो, आणि आयुष्यभर कळतही नाही."

"मंग दुखत का नाय?" भिवानं विचारलं.

"तेच तर मी शोधतोय," डॉक्टर म्हणाला.

झालं. त्या दिवसापासून भिवाच्या कमरेत पिस्तूल. गिरणीत, बाजारात, मयतीला, जिथं जाईल तिथं तेच. एकदा जमादारानं हटकलं तर म्हणाला, "साहेब, माज्याकडं पिस्तूल हाय, पन परवाना निसर्गानं दिलाय." जमादारानं अर्धा दिवस चौकीवर बसवला. बसवला म्हणजे काय, तो तिथंही फेऱ्याच मारत होता. शेवटी जमादारालाच चक्कर यायला लागली, म्हणून सोडला.

लग्नं जुळवणाऱ्यांना तर त्यानं हैराण केलं. मुलाकडचे आले की हा कोपऱ्यातून, "पोराला जरा चालवून दाखवा." एका नवऱ्या मुलाला त्यानं अंगणात तीनदा उठाबशा काढायला लावल्या. सोयरीक मोडली. वर हा म्हणतो, "वाचली पोरगी."

पण एक गोष्ट त्याला खरंच येऊ लागली. धुक्यात बांधावरून कोण येतंय ते तो चालीवरून सांगायचा. चेहरा दिसत नसायचा, पण याचं नाव तयार. "ती वहिनी. उजवं पाऊल भायेर टाकते." आणि सोना यायची, कडेवर कळशी घेऊन.

डॉक्टरचं काम संपलं तेव्हा भिवा त्याच्या मागं लागून दोघांचे फोटो घेऊन आला. स्वतःचा खिडकीत टांगला. सोनाचा तिला द्यायला आला तर ती लांब सरली. "नको. जिवंतपनी आपली हाडं बघू नयेत. तुमच्याकडंच ठेवा."

गेल्या भाद्रपदात सोनाला ताप आला. मी म्हटलं, कर्जतला जाऊ. ती म्हणाली, "काय नाय." काय नाय म्हणता म्हणता गेली.

मयतानंतरच्या जलदानविधीला पाटावर गेलेल्या माणसाचा फोटो ठेवतात, लोक फुलं वाहतात. मी घर उलटंपालटं केलं. फोटो नव्हता. आम्ही कधी काढलाच नाही. कशासाठी काढायचा, रोज समोरच होती. लोक रिकाम्या पाटावर फुलं ठेवून गेले. भिवा दारात उभा होता. त्या दिवशी तो हललाही नाही.

त्यानंतर मला बसवेना. घरात बसलं की घर अंगावर येतं, बाहेर गेलं की घराकडं ओढ. त्यात भलतंच सुरू झालं. तिचं तोंड आठवायला गेलो की येईना. डोळे आठवावे तर नाक जाई. इतकी वर्षं बरोबर राहिलेली बाई, आणि मला दिसेना. कोणाला सांगणार?

एके सकाळी कुडापलीकडून भिवा म्हणाला, "काय रं, रातभर फेऱ्या मारतोस?"

मी म्हटलं, "सोना दिसत नाय मला."

थोड्या वेळानं आला तो सोनाचा फोटो घेऊन. फळ्यांची चौकट करून त्यात बसवला होता, कडेला एक डाग नाही. न विचारता माझ्या पूर्वेच्या खिडकीत टांगला. ऊन आलं. पांढरी हाडं उजळली.

मला राग आला. "ही कुनाचीबी हाडं असतील."

त्यानं बोट ठेवलं. हाडाशेजारी किल्ली. पेटीची.

मी ती बघत राहिलो. मग म्हटलं, "किल्ली माज्याकडं हाय भिवा. ती नाय."

भिवा अंगणात गेला. पडवीतली कळशी उचलली, कडेवर घेतली, पाठ माझ्याकडं केली आणि चालू लागला. उजवं पाऊल बाहेर टाकत. दोन पावलांनी कळशी जरा वर सरकवत. फाटकापाशी थोडं थांबून, जसं ती वासरासाठी थांबायची. सत्तरीचा हमाल, गुडघ्यावर पंचा. आणि मला ती दिसली. आधी पाऊल, मग कंबर, मग खांदा, आणि मान वळवून हसलेलं तिचं तोंड, सगळं.

फाटकाबाहेर दोन पावलं जाऊन तो परत फिरायला लागला.

"वळू नको रं," मी म्हटलं. "तसाच चाल."