शिडी मागण्याची सभ्य पद्धत

आडवळणाने बोलावं ते मीच. समोरच्याला न दुखवता काम कसं काढून घ्यावं, हे लोकांनी माझ्याकडून शिकावं. आमच्या हिचं मात्र सगळं थेट.

त्या दिवशी ही टेबलावर स्टूल ठेवून माळ्यावर चढली, आणि मागे स्टूल घसरून पडलं. त्याचा एक पायच मोडला. आमची शिडी वर्षभरापूर्वी शेजारच्या घड्याळजींनी नेलेली.

"जा, शिडी घेऊन या," ही वरून म्हणाली. "आणि ताकाला जाऊन भांडं लपवू नका. इथे पाली आहेत."

मी गेलो. शिडी समोरच होती. तिच्या प्रत्येक पायरीला दुरुस्तीची घड्याळं लटकत होती. अशा वेळी एकदम "शिडी द्या" म्हणणं मला रानटीपणाचं वाटतं.

"माणूस कितीही उंचीवर पोचला," मी सुरुवात केली, "तरी त्याला आधार लागतोच."

"बढती मिळाली वाटतं?" घड्याळजी खूश झाले. त्यांनी आत बायकोला हाक मारली, "अगं, ऐकलंस का? चहा टाक."

चहा येईपर्यंत मी दुसरीकडून शिरलो. "आपल्या घरची एखादी वस्तू दुसऱ्याच्या घरी सुखाने नांदत असते. तरी कधीतरी वाटतं, चार दिवस तिने माघारी यावं."

घड्याळजींचे डोळे भरून आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "लेकीची आठवण येते ना? आमचंही तसंच आहे." मग त्यांनी आपल्या मुलीच्या लग्नाचे फोटो काढले. मीही हळवा झालो. फोटो बरेच होते.

"अहो, शिडी मागताय की नाही?" भिंतीपलीकडून हिचा आवाज आला. "एक पाल पदरावर आली!"

"शिडी हवी होती होय?" घड्याळजी एकेक घड्याळ उतरवू लागले. "मग सरळ सांगायचं की. शेजारधर्म आहे, न्या. फक्त संध्याकाळी आठवणीने परत करा. लोक नेतात आणि विसरून जातात."

"छे छे, आठवणीने आणतो," मी म्हणालो, आणि वर आभारही मानले.

ही खाली उतरली. पदर झटकता झटकता तिने विचारलं, "इतका वेळ काय करत होतात? आणि काय म्हणाले ते?"

मी सांगितलं. संध्याकाळचंही सांगितलं.

ती शिडी लावून पुन्हा माळ्यावर चढली आणि शिडी वर ओढून घेतली.

"आता त्यांना पाठवा इकडे," ती म्हणाली. "मी बोलते."

संध्याकाळ झाली आहे. हा निरोप त्यांना कसा द्यावा, त्याची मी सुरुवात जुळवतो आहे.